गायीबैलांचा रानटी पूर्वज कोणता? आदिमानवाने त्याला माणसाळवलं कसं?

गवा नव्हे. हे आधी लिहून टाकतो, कारण याच वाक्यापायी आमचे मामा दोन दिवाळ्या माझ्याशी धड बोलले नव्हते.

आजोळ राधानगरीकडचं. एकदा पहाटे उसात गवा शिरला. सगळी वस्ती बॅटऱ्या घेऊन बांधावर. मामा कौतुकाने म्हणाले, "बघ, आपल्या खिलाराचा पणजोबा. वशिंड बघ त्याचं!" मी बारावीत, शहाणपण उतू चाललेलं. म्हटलं, मामा, ते वशिंडच नव्हे. गव्याच्या पाठीचे मणके वर वाढलेले असतात, तो हाडांचा उंचवटा. खिलाराचं वशिंड मांसाचं, हलवलं तर हलतं. वर ठणकावलं, "गवा कधी माणसाळलाय का?" चारचौघांत भाच्याने चूक काढली. झालं!

पूर्वज म्हणजे ऑरॉक. युरोपापासून भारतापर्यंत पसरलेला, बैल खांद्यापाशी सहा फुटांच्या घरात. शेवटची गाय 1627 साली पोलंडमध्ये याक्तोरूफच्या जंगलात मेली. आपली वशिंडवाली गुरं त्याच्या भारतीय शाखेची, साधारण 8000 वर्षांपूर्वी बलुचिस्तानातल्या मेहरगढच्या बाजूला माणसाळलेली. बिनवशिंडाची त्याच्याही आधी, युफ्रेटिस-टायग्रिसच्या वरच्या खोऱ्यात. तिथला मूळ कळप जेमतेम ऐंशी माद्यांचा असावा, असा जनुकांवरून अंदाज आहे. जगभरच्या जर्सी-होल्स्टीन त्यांच्याच लेकी.

त्याआधी हजारो वर्षं नातं एकच, शिकारीचं. कामानिमित्त कोपनहेगनला होतो तेव्हा तिथल्या राष्ट्रीय संग्रहालयात व्हिग गावी 1905 साली सापडलेला ऑरॉकचा सांगाडा पाहिला. लोक शिंगांपुढे फोटो काढत होते, मी बरगड्यांपाशी अडकलो. गारगोटीच्या टोकाच्या बाणांच्या जखमा. त्यातली एक भरून आलेली, म्हणजे पठ्ठ्या एकदा निसटला होता. दुसऱ्यांदा बाण लागले ते शेवटचे. तरीही सांगाडा जवळपास अख्खा मिळाला, म्हणजे बहुधा पाण्यात जाऊन मेला आणि शिकाऱ्यांच्या हाती लागलाच नाही. मला मामांची आठवण झाली, का ते विचारू नका.

आता असलं धूड दावणीला आलं कसं? माझं मत सरळ आहे: शिंग उगारणारा आधी कापला, गप्प उभा राहिला त्याची वासरं वाढवली. पिढ्यान्‌पिढ्या हेच. जुन्या वस्त्यांतली गुरांची हाडं लहान होत जातात, माणसाळण्याची खूण तीच धरतात.

आणि घरातल्या थोरांना हे पटवायचं असेल तर बांधावर, लोकांसमोर नको. गोठ्यात न्या, बैलाच्या वशिंडावर हात ठेवायला लावा.

एक राहिलंच. अरुणाचल-नागालँडकडचा मिथुन गव्यापासूनच माणसाळलेला मानतात. रानात मोकळा चरतो, माणसाच्या हातचं मीठ चाटायला येतो. म्हणजे त्या पहाटेचं माझं ठणकावणं निम्मं चुकलंच होतं. मामांना हे अजून सांगितलेलं नाही.