आईनं ओवाळायचं की नाही

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझा मोठा मेसेज परवा रात्री वाचला, सकाळी उठून पुन्हा वाचला. फोनवर उरकण्यासारखं ते नाही, म्हणून लिहायला बसले. लग्न मार्गशीर्षात, वडील जाऊन दोन वर्षं झालेली, आणि आई म्हणते, "हळदीला मी आत खोलीत थांबते, आत्याला पुढं कर." तू ठरवलंयस की भर मांडवात आईच्या हातात ताट द्यायचं, मग कोण काय बोलतंय ते बघू. तुझा राग खरा आहे. आईनं तुला ओवाळावं असं मलाही मनापासून वाटतं. तरीही सांगते, असं अचानक करू नकोस.

आधी माझी एक चूक सांगते. १९८७ च्या सुमाराची गोष्ट, आम्ही मंगळवार पेठेत राहायचो. संक्रांतीचं हळदीकुंकू माझ्याकडं होतं. शेजारच्या काकू दुपारपासून माझ्याबरोबर तिळाचे लाडू वळत होत्या. त्यांचे यजमान आदल्या वर्षी गेले होते. संध्याकाळी वीस-बावीस बायका जमल्या आणि मी करंडा घेऊन ओळीनं कुंकू लावत निघाले. काकू दाराशी बसल्या होत्या. मी दोन बायका अलीकडं असतानाच त्या उठल्या आणि "दूध उतू जाईल गं" म्हणत स्वयंपाकघरात गेल्या. गॅसवर दूध नव्हतंच. मला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून त्या उठल्या होत्या. आणि त्या उठल्यावर मला हायसं वाटलं. ते हायसं वाटणं माझ्या मनातून आजवर गेलेलं नाही.

कितीतरी वर्षांनी त्या दिवशी आलेल्या एका मैत्रिणीशी बोलताना विषय निघाला. ती म्हणाली, "मला वाटत होतं तू काकूंना लावशील. पण घर तुझं, मी कशी बोलणार?" मग मी दुसरीला विचारलं. तिच्याही मनात तेच होतं. बावीसजणींत किती जणींना काकूंनी बसून राहावं असं वाटत होतं, कोण जाणे. प्रत्येकीनं बाकीच्यांच्या गप्प बसण्याचा अर्थ 'ह्यांना रूढी पाळायची आहे' असा लावला. मीही तोच लावला. आमचं सगळ्यांचं गप्प बसणं मिळून ती रूढी झाली होती.

सॉलोमन अ‍ॅश नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९५० च्या दशकात हेच प्रयोग करून दाखवलं. एका खोलीत सात-आठ माणसं, समोर रेघा. कुठली रेघ कुठल्या रेघेएवढी, एवढंच सांगायचं. एक सोडून बाकी सगळे अ‍ॅशचेच शिकवलेले; ते ठरवून एकसाथ चुकीचं उत्तर द्यायचे. डोळ्यांना धडधडीत दिसत असूनही, अशा फेऱ्यांमध्ये साधारण तीनातलं एक उत्तर त्या चुकीच्या टोळक्याच्या बाजूनं गेलं. पण मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. त्या खोलीत फक्त एक माणूस खरं बोलणारा ठेवला, तर तेच प्रमाण वीसातल्या एकावर आलं. एकच माणूस, बाळ. त्या संध्याकाळी माझ्या खोलीत तो नव्हता, आणि मीही तो झाले नाही.

कोल्हापुरात राहून हे मला लवकर कळायला हवं होतं. शाहू महाराजांनी विधवाविवाहाला कायद्याची मान्यता दिली ती १९१७ साली. त्यानंतर सत्तर वर्षांनी माझा करंडा काकूंपाशी अडखळला. कायदा दारापर्यंत येतो, करंड्यापर्यंत पोचायला त्याला माणूस लागतो. महाराजांना ते माहीत होतं. गंगाराम कांबळे यांनी भाऊसिंगजी रोडवर चहाचं दुकान घातलं, तेव्हा 'अस्पृश्याच्या हातचा चहा' म्हणून तिकडं कुणी फिरकेना. महाराज स्वतः तिथं गाडी थांबवायचे, चहा घ्यायचे आणि बरोबरच्या मंडळींनाही द्यायला लावायचे. हुकूम त्यांना काढता येत होताच, तेही त्यांनी काढले. पण ज्यानं चारचौघांत तो कप तोंडाला लावला, त्याला घरी जाऊन 'आपल्यात हे चालत नाही' म्हणायची सोय उरली नाही.

आणि शिरोळ तालुक्यातलं हेरवाड तर तुझ्या डोळ्यांदेखत घडलं. ४ मे २०२२ ला तिथल्या ग्रामसभेनं ठराव केला: नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं बंद. दोनच दिवसांनी शाहू महाराजांच्या निधनाला शंभर वर्षं पूर्ण होणार होती. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या गावांनाही तसं करायला सांगितलं. ग्रामसभेच्या ठरावानं कुणाला तुरुंगात टाकता येत नाही. पण शेजाऱ्याच्या मनात काय आहे ते उघड झालं, आणि एखाद्या सासूला "गावानंच ठरवलंय" असं म्हणता येऊ लागलं. आधार मिळाला की पुष्कळ माणसं चांगलं वागतात. त्यांना भित्रं म्हणून मोकळं होऊ नये.

तू गल्लीला नावं ठेवलीस ते मला पटलं नाही. वडील गेले त्या दिवशी तुमच्या घरात चूल पेटली नव्हती. कडू घास कुणी आणला? याच गल्लीनं. पिठलं-भाकरी घेऊन बायका जिन्यात उभ्या होत्या, ते मी पाहिलंय. तीही रूढीच, आणि तिनं तुला सावरलं. म्हणून सगळंच मोडीत काढायची भाषा करू नकोस. कुठली रीत कुणाच्या जिवावर चालली आहे ते बघ. आईला खोलीत बसवणारी रीत आईच्या जिवावर चालली आहे.

आता काय करायचं ते. सगळ्यात आधी आईशी बोल, पण समजूत घालायला म्हणून नको, ऐकायला बस. आपल्या हातानं पोराचं काही वाईट होईल अशी भीती तिच्या मनात असू शकते. ती भीती तिला लहानपणापासून शिकवलेली आहे, एका वाक्यात जाणार नाही. तिला नकोच असेल तर ताट तिच्या हातात कोंबू नकोस. तिला खोलीत ढकलणाऱ्यांनीही तिला विचारलं नव्हतं आणि तूही विचारलं नाहीस, असं होईल. तिचं मन असेल, तर मग आत्याकडं जा. एकटा जा, पाहुणे नसताना. ओवाळायचा मान तिला मिळतोय म्हणून ती गप्प असेल असं तू धरून चालला आहेस. विचारलंयस का कधी? मला वाटतं, "वहिनी, आपण दोघी मिळून ओवाळू" हे तिच्या तोंडून आलं, तर काकांना बोलायला जागाच राहणार नाही. मुलीकडच्यांनाही आधी कळू दे. सूनमुख बघायच्या वेळी आई पुढं येणार हे विहीणबाईंना मांडवात समजायला नको. पत्रिकेत निमंत्रक म्हणून पहिलं नाव आईचं घाल. पत्रिका घरोघर गेली की निम्मं काम तिथंच होतं.

इतकं करूनही एखादा उठून जाईल. जाऊ दे. मागं लागू नकोस, भांडूही नकोस. पुढच्या महिन्यात त्याच्या घरी जोडीनं नमस्काराला जा.

त्या काकू आता ऐंशीच्या पुढं आहेत, मुलाकडं राजारामपुरीत असतात. काल त्यांच्याकडं गेले होते. दुधाची गोष्ट मी काढली, तेव्हा त्यांनी माझा हात धरून ठेवला, बोलल्या काहीच नाहीत. मग तुझ्या हळदीला माझ्याबरोबर याल का, असं विचारलं. त्यांनी सुनेला हाक मारून कपाटातली हिरवी साडी बाहेर काढायला सांगितली.

हळद किती वाजता आहे ते कळव. त्यांना जिना चढवत नाही, खाली दोन खुर्च्या ठेवायला सांग.

तुझ्या बाई