चार कथा, त्यात तीन बायका खलास!

प्रश्न: क्वीअर बायकांच्या डार्क, विचित्र कथांचा एक संग्रह वाचतेय. मला स्वतःला मुली आवडतात म्हणून हौसेने घेतला, तर चार कथांमध्ये तीन बायका मेल्या नाहीतर गायब. आमच्या वाट्याला सुखाची गोष्ट नाहीच का? की मलाच वाचता येत नाहीये?

उत्तर: वाचता येतंय की, आणि वैतागही रास्तच आहे. कारण हे मरणं एकेकाळी चक्क अट असायची. 1952 मध्ये अमेरिकेत 'स्प्रिंग फायर' नावाचं पेपरबॅक आलं, कॉलेजातल्या दोन मुलींचं प्रेम, आणि संपादकाने लेखिकेला आधीच बजावलेलं की शेवट गोड नको, नाहीतर पोस्टवाले अश्लील म्हणून पुस्तकं अडवतील. मग काय, एकीला वेड लागतं आणि दुसरीला साक्षात्कार होतो की आपलं हिच्यावर प्रेम नव्हतंच! त्याआधीची 'कार्मिला' ही भयकथा, 1871-72 ची, म्हणजे ड्रॅक्युलाच्याही 25 वर्षं आधीची. त्यातली व्हँपायर एका मुलीवर जीव टाकते, तर तिच्या छातीत खुंटा ठोकून मुंडकं छाटून सगळे मोकळे.

म्हणून मी डार्क कथा वाचताना एवढंच बघते, की भीती कशाची घातलीय, त्या बाईच्या प्रेमाची की तिच्या आजूबाजूला जे चाललंय त्याची? कार्मेन मारिया माचाडो या अमेरिकन लेखिकेच्या 2017 च्या संग्रहात एक कथा आहे, ड्रेसच्या दुकानात काम करणारी मुलगी आणि ते ड्रेस शिवणाऱ्या बाईची लेक. दोघींचं जमतं, त्याचं स्पष्टीकरण कुणी मागत नाही. पण तिकडे बायका कारणाशिवाय पुसट होत चालल्यात, आरपार दिसायला लागतात, आणि अशा बायका आपणहून येऊन ड्रेसमध्ये स्वतःला शिवून घेतात. मग तिची मैत्रीणही विरायला लागते. शेवटी ती दुकानातली मुलगी कात्री घेऊन टाके उसवते, जा म्हणते, तर त्या शिवलेल्या बायका जागच्या हलत नाहीत. मला त्या रात्री झोप नव्हती, पण शिक्षा दिल्यासारखं एकदाही वाटलं नाही. तुमच्या त्या तिघी कशाने गेल्या ते परत बघा.

आणि असला संग्रह सलग वाचू नका हो, एका वेळी एकच कथा. मध्ये 'द प्राइस ऑफ सॉल्ट' ही कादंबरी घ्या, तीही 1952 चीच, लेखिकेने टोपणनावाने छापलेली, आणि त्यातल्या दोघी शेवटी परत भेटतात.