पीएफ नको म्हणता येतं का?

ठाणे-बेलापूर पट्ट्यातून येणाऱ्या पत्रांत गेले काही महिने फिरून फिरून एकच गोष्ट विचारली जाते : पगारातून पीएफ कापू नका, असं कामगाराला सांगता येतं का? कुणी डब्याच्या वेळी ऐकलेलं लिहितं, कुणी मोबाइलवर आलेला निरोप जोडतं. ज्यांना सुटकेचा हक्क आहे त्यांना तो माहीत नाही आणि ज्यांना नाही त्यांच्याकडून कंत्राटदार सह्या घेतोय. म्हणून या वेळी सगळी पत्रं याच विषयावरची घेतली आहेत.

प्रश्न : ऐरोलीच्या एका आयटी कंपनीत पहिलीच नोकरी लागली आहे. मूळ पगार ३२,००० रुपये. पीएफ नाकारता येईल का? (वय २३, दिवा)

हो, तुम्हाला येईल. नोकरीला लागताना मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १५,००० रुपयांच्या वर असेल आणि त्याआधी तुम्ही कधीच पीएफचे सभासद नसाल, तर तुम्ही योजनेबाहेर राहू शकता. रुजू होताना भरायच्या फॉर्म ११ मध्ये तसं खरं खरं लिहायचं. मात्र हे दार फक्त आत येतानाच उघडं असतं. एकदा पीएफ कापायला सुरुवात झाली की पुढे पगार लाखावर गेला तरी नोकरीत असेपर्यंत ‘आता बंद करा’ म्हणता येत नाही. काही कंपन्या सगळ्यांनाच पीएफ लावतात. तसं असेल तर नेमणूकपत्र नीट वाचा. २०२४-२५ साठी या पैशावर ८.२५ टक्के व्याज जाहीर झालं होतं, हेही लक्षात घ्या. सही करण्याआधी घरात कुणी जाणतं असेल त्यांच्याशी किंवा सल्लागाराशी बोला.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी ११,००० पगारावर कॉल सेंटरला होतो, तिथे पीएफ होता. आता मूळ पगार १९,००० आहे. एचआरचे साहेब म्हणतात, फॉर्ममध्ये ‘आधी पीएफ नव्हता’ असं लिहा. लिहू का? (घणसोली)

नाही. तुमचा यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी न बदलणारा पीएफचा क्रमांक, आधारला जोडलेला आहे, खोटं पहिल्याच महिन्यात उघडं पडेल आणि सही तुमची असेल. जुना सभासद पगार वाढला म्हणून बाहेर पडत नाही. जुने पैसे काढून घेतले असले तरी आपण मोकळे झालो असं स्वतःच ठरवू नका. ते कोणत्या कारणाखाली काढले, यावर उत्तर अवलंबून आहे. कागद दाखवून विचारा.

प्रश्न : आम्ही रबाळे एमआयडीसीत पॅकिंगला आहोत, चाळीस बायका. पगार १४,०००. कंत्राटदाराने शंभराच्या स्टॅम्प पेपरवर ‘आम्हाला स्वखुशीने पीएफ नको’ असं लिहून सह्या घेतल्या. म्हणाला, हातात जास्त पैसे येतील. हे चालतं का?

चालत नाही. शंभराचा पेपर असो की पाचशेचा, नोटरीचा शिक्का असो की नसो. पीएफ हा कामगार आणि मालक यांच्यातला खाजगी करार नाही. १५,००० पर्यंत पगार असणाऱ्याला तो कायद्याने लागू आहे आणि कायद्याने दिलेला हक्क सही करून सोडता येत नाही. त्या कागदामुळे तुमचा हक्क गेलेला नाही, हे आधी मनात पक्कं करा.

आता हिशेब बघा. १४,००० वर तुमचे १२ टक्के म्हणजे १,६८० रुपये कापले जातात. तितकेच १,६८० मालकाच्या बाजूने भरावे लागतात. त्यातले १,१६६ तुमच्या पेन्शन खात्यात आणि ५१४ पीएफमध्ये जातात. पेन्शनसाठी सरकार वर १.१६ टक्के घालतं. कंत्राटदार तुम्हाला सांगतो, ‘१,६८० हातात येतील’. ते तुमचेच होते. जे त्याने भरायचे होते त्या १,६८० बद्दल तो बोलत नाही. चाळीस जणींचे महिन्याला ६७,२०० रुपये होतात. कित्येक कंत्राटदार हीच रक्कम कंपनीकडून बिलात वसूल करतात आणि खाली तुमच्याकडून ‘नको’ लिहून घेतात.

पण माझी खरी काळजी या पैशांची नाही. पीएफ नाकारला की त्याच्यासोबत आणखी दोन गोष्टी जातात आणि त्या पगाराच्या पावतीवर दिसतही नाहीत. एक, कुटुंब पेन्शन. नोकरीत असताना सभासदाचा मृत्यू झाला आणि पेन्शन योजनेत एका महिन्याचे जरी पैसे भरले गेले असले, तरी मागे राहिलेल्या जोडीदाराला दरमहा पेन्शन मिळते आणि दोन मुलांना पंचवीस वर्षांची होईपर्यंत. दुसरी, विमा. ईडीएलआय या योजनेत कामगाराला एक पैसाही भरावा लागत नाही, मालक अर्धा टक्का भरतो आणि नोकरीत मृत्यू आल्यास वारसाला सात लाखांपर्यंत रक्कम मिळू शकते. शंभराच्या पेपरवर सही करताना तुमच्या मुलांच्या वाटचं हे सगळं तुमच्याकडून काढून घेतलं जातं आणि तुम्हाला ते कुणी सांगत नाही.

काही वर्षांपूर्वी महापेची एक बाई माझ्याकडे आली होती. नवरा सात वर्षं एकाच कंत्राटदाराकडे मशीनवर होता. ‘पीएफ नको’वर त्याची सही होती. तो गेला तेव्हा धाकटा मुलगा चार वर्षांचा होता. आम्ही हजेरीच्या वह्या, गेटपास, बँकेत जमा झालेला पगार, सगळं गोळा करून अर्ज केला. प्रकरण उभं राहिलं, पण त्यात दोन वर्षं गेली आणि त्या दोन वर्षांत तिने थोरल्या मुलीची शाळा बंद केली. नवरा जिवंत असताना एक तक्रार झाली असती तर हे टळलं असतं. तुमच्या चाळीस जणींपैकी एकीच्याही घरी हे होऊ नये, म्हणून एवढं लिहितो आहे.

काय करायचं ते ऐका. कंत्राटदाराने भरलं नाही तर जबाबदारी मुख्य कंपनीवर येते. कंपनीच्या व्यवस्थापनाला लेखी अर्ज द्या, पोच घ्या. सोबत ईपीएफओ, म्हणजे पीएफ सांभाळणारी सरकारी संस्था, तिच्या तक्रार पोर्टलवर तक्रार नोंदवा. एकटीने जाऊ नका, पाच-सहा जणी मिळून जा. गेटपास आणि बँक पासबुकाच्या झेरॉक्स आजच काढून ठेवा. तक्रार झाल्यावर गेटपास काढून घेतले जातात. आणि जाण्याआधी युनियनच्या माणसाला किंवा कामगार कायद्याच्या वकिलाला कागद दाखवा.

प्रश्न : वागळे इस्टेटमध्ये माझं छोटं युनिट आहे. पूर्वी २४ कामगार होते, आता १७. पीएफ बंद करता येईल ना?

नाही. वीस कामगारांचा आकडा योजना लागू होण्यासाठी असतो. एकदा लागू झाली की संख्या घटली तरी ती चालूच राहते. हिस्सा पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत भरा. उशीर झाला तर वर्षाला १२ टक्क्यांनी व्याज लागतं, नुकसानभरपाई वेगळी. आणि कामगार कागदोपत्री दोन फर्ममध्ये वाटून टाकायचा सल्ला कुणी दिला असेल तर तो ऐकू नका. मालक, जागा, यंत्रं, हिशेबनीस एकच असले की दोन्ही फर्म एकत्र धरल्या जातात.

प्रश्न : माझ्या पगारातून पीएफचे दोन्ही हिस्से कापले जातात. हे बरोबर आहे का? (कोपरखैरणे)

ठरलेल्या पगारातून मालकाचा हिस्सा कापणं बेकायदा आहे. पण आधी नेमणूकपत्र बघा. वर्षाच्या एकूण खर्चाचा जो मोठा आकडा कंपन्या सांगतात, त्यात मालकाचा हिस्सा आधीच धरलेला असतो, आणि तरुण मुलं तो आकडा बाराने भागून पगार समजतात. पत्रात तसा उल्लेख नसेल आणि तरीही कापत असतील, तर पावत्या घेऊन सल्लागाराकडे जा.

प्रश्न : पीएफ चालेल, पण पेन्शनमध्ये जाणारे १,२५० नकोत. तेही पीएफमध्येच टाका असं सांगता येईल का?

पेन्शनचे सभासद असाल तर नाही. १ सप्टेंबर २०१४ पासून ज्यांनी १५,००० पेक्षा जास्त पगारावर पहिल्यांदा पीएफ सुरू केला, ते पेन्शन योजनेत येतच नाहीत आणि त्यांचा सगळा पैसा पीएफमध्ये जातो. तुम्ही कुठल्या गटात आहात ते पासबुकाच्या पेन्शनच्या रकान्यात दिसेल.

प्रश्न : तुर्भ्याला मार्केटमध्ये टोळीत हमाली करतो. माझा यूएएन सापडत नाही.

नोंदणीकृत टोळीत असाल तर तुमचा पीएफ माथाडी मंडळाकडे लेव्हीतून, म्हणजे मालकांनी मंडळात भरायच्या रकमेतून, जमा होतो. मंडळाच्या कार्यालयात चौकशी करा.

प्रश्न : ईएसआयसीचं काय? दवाखान्यात आम्ही कधी जात नाही, मग पैसे का कापून घ्यायचे? (कळवा)

ईएसआयसी हा कामगारांचा सरकारी आरोग्य विमा. पगार २१,००० पर्यंत असेल तर कापावेच लागतात. तुमचे ०.७५ टक्के, मालकाचे ३.२५. मध्येच पगार २१,००० च्या वर गेला तर एप्रिल ते सप्टेंबर किंवा ऑक्टोबर ते मार्च, जी सहामाही चालू असेल ती संपेपर्यंत कपात सुरू राहते.

प्रश्न : नव्या कायद्यात पीएफ ऐच्छिक झाला, असा निरोप व्हॉट्सअॅपवर आला आहे. खरं आहे का? (चार वाचकांचा हाच प्रश्न)

खोटं आहे. चार श्रम संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या. सामाजिक सुरक्षा संहितेत वीस कामगारांचा निकष तसाच आहे. उलट, भत्ते फुगवून मूळ पगार लहान दाखवायची जी जुनी युक्ती होती तिला चाप बसला आहे : भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याच्या वर गेले तर वरचा भाग वेतनात धरला जातो. सर्वोच्च न्यायालयानेही फेब्रुवारी २०१९ मध्येच सांगितलं होतं की सगळ्यांना सरसकट दिला जाणारा भत्ता पीएफसाठी मूळ पगारातच मोजायचा. असे निरोप पुढे ढकलण्याआधी ईपीएफओच्या संकेतस्थळावर बघत जा. एका निरोपावर विश्वास ठेवून माणसं नोकरीतल्या वाटाघाटी करतात, याचं मला फार वाईट वाटतं.

प्रश्न : मुलगा एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर अमेरिकेत आहे. तिथे सोशल सिक्युरिटीचे, म्हणजे सरकारी पेन्शनचे, पैसे कापतात. परत यायचंच आहे, तर त्याला नाही म्हणता येईल का? (पाचपाखाडी)

नाही म्हणता येत नाही. तिथल्या पगारातून सोशल सिक्युरिटीचे ६.२ टक्के आणि मेडिकेअरचे, म्हणजे म्हातारपणीच्या आरोग्य विम्याचे, १.४५ टक्के जातात. विद्यार्थी व्हिसावर असताना सहसा पहिली पाच वर्षं सूट असते, एच-वन-बी वर नसते. धर्माच्या कारणावरून सूट आहे, पण ती १९५० च्या अखेरीपासून अखंड चालत आलेल्या आणि आपल्या माणसांना स्वतः सांभाळणाऱ्या पंथांसाठी. त्यांनाही मग लाभांवर पाणी सोडावं लागतं. भारत आणि अमेरिका यांच्यात याबाबतचा करार नाही, म्हणून तिथली वर्षं इथे जोडली जात नाहीत. निवृत्तीच्या लाभासाठी चाळीस क्रेडिट, म्हणजे साधारण दहा वर्षांचं काम लागतं. आठ-नऊ वर्षं झाली असतील तर परतीची तारीख ठरवण्याआधी त्याने तिथल्या कर सल्लागाराशी जरूर बोलावं. जर्मनीसारख्या देशांशी मात्र आपला करार आहे. तिथे भारतीय कंपनीने पाठवलेल्या माणसाला ईपीएफओकडून प्रमाणपत्र नेऊन दुहेरी कपात टाळता येते. ते निघण्याआधीच काढून घ्यावं.

प्रश्न : दर नोकरी सोडल्यावर एजंटकडून पीएफ काढतो. तो दहा टक्के घेतो. कुठे स्वस्तात होईल? (मुंब्रा)

फुकट होतं. उमंग अॅपवरून किंवा ईपीएफओच्या संकेतस्थळावरून स्वतः अर्ज करा आणि यूएएनचा पासवर्ड कुणाला देऊ नका. पण काढताच का? पेन्शनसाठी दहा वर्षांची नोकरी लागते आणि पेन्शनचे पैसे काढले की ती मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. पाच वर्षांच्या आत पन्नास हजारांवर रक्कम काढली तर कर कापला जातो, तो वेगळा. पैसे नव्या खात्यात वर्ग करा.

प्रश्न : २०१६ ते २०१९ दर महिन्याला पीएफ कापला. आता पासबुक उघडलं तर त्या काळातले सतरा महिने कोरे. कंपनी बंद आहे. (डोंबिवली, काम महापेला होतं)

इतकी वर्षं पासबुक का उघडलं नाही, हे विचारून आता उपयोग नाही. कापलेला पीएफ न भरणं हा फौजदारी गुन्हा आहे आणि कंपनी बंद पडल्याने देणं बुडत नाही. पण प्रत्येक महिन्यागणिक पुरावा पातळ होत जातो. सभासद क्रमांकाच्या सुरुवातीला टीएचव्हीएसएच असेल तर तुमचं खातं वाशी कार्यालयाचं, टीएचटीएचए असेल तर ठाण्याचं. त्याप्रमाणे तक्रार करा. दर महिन्याच्या २७ तारखेला ‘निधी आपके निकट’ या कार्यक्रमात अधिकारी समोरासमोर भेटतात, येत्या २७ ला जा. त्या सतरा महिन्यांच्या पगाराच्या पावत्या, बँकेचा उतारा आणि फॉर्म १६ सोबत न्या. पावत्या हरवल्या असतील तर त्या काळात सोबत असलेल्या दोन सहकाऱ्यांना शोधा. त्यांच्याही पासबुकात तेच महिने कोरे असतील आणि तिघांची तक्रार एकत्र गेलेली बरी.