वाचकांचे प्रश्न: 'लपवायचं काही नाही, मग नोंदीला का घाबरता?'

प्रश्न: आमच्या मित्रांच्या ग्रुपवर रोज वाद. एक म्हणतो सरकारकडे सगळ्यांची नोंद असलीच पाहिजे, दुसरा म्हणतो ही पाळत आहे. आता दोघं एकमेकांशी बोलत पण नाहीत. बरोबर कोण?

उत्तर: अहो, दोघंही अर्धे अर्धे बरोबर आहेत! जन्माची, जमिनीची नोंदच नसेल तर हक्क सांगणार कशाच्या जोरावर, आणि याचा फटका आधी गरिबालाच बसतो. पण तुमच्या दुसऱ्या मित्राची भीतीही उगाच नाही. नेदरलँड्समध्ये युद्धाआधी लोकसंख्येची नोंद एकदम चोख होती, त्यात धर्माचा रकाना पण होता, तेव्हा कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही, आणि मग १९४० मध्ये नाझी आले आणि ज्यू शोधायला त्यांना तयार यादीच मिळाली. मार्च १९४३ मध्ये तिथल्या भूमिगत लोकांनी ॲम्स्टरडॅमचं नोंदणी कार्यालयच पेटवून दिलं, तरी बरीचशी कार्डं वाचली (कागदाचे गठ्ठे घट्ट बांधलेले असले की नीट जळत नाहीत). म्हणजे सरकार बदलतं, यादी तशीच राहते.

'लपवायचं काही नाही' हे मला तरी लंगडं वाटतं, कारण उद्या काय गुन्हा ठरेल ते आज कुणाला माहितीये? जर्मनीत १९८३ मध्ये जनगणनेवरून असाच गदारोळ झाला, तेव्हा घटना न्यायालयाने सांगितलं की आपली माहिती कोण, कशासाठी वापरणार हे ठरवायचा हक्क माणसाचा, त्यावर मर्यादा घालायची तर स्पष्ट कायदा हवा. जनगणना रद्द नाही झाली हं, नियम बदलून १९८७ मध्ये झाली. तेव्हा ग्रुपवर नोंद हवी की नको यावर भांडू नका, रकाने कोणते, बघणार कोण आणि पुसणार कधी यावर खुशाल भांडा.