परवाना आधी, बंदूक नंतर

प्रश्न : माझ्याकडे लेथ मशीन आहे आणि कामाचा हातही आहे. रानडुकरं शेताची नासधूस करतात. ठासणीची (तोंडाकडून दारू ठासून भरायची) बंदूक स्वतः बनवून नंतर तिची नोंदणी करून घेता येईल का?

उत्तर : नाही. आधी बनवा आणि मग नोंदवा, अशी सोय आपल्या कायद्यात नाही. शस्त्र अधिनियम १९५९च्या कलम ५ नुसार बंदूक बनवणं, विकणं, इतकंच काय, धंदा म्हणून दुरुस्त करणं यालाही वेगळा परवाना लागतो. बनवण्याचा परवाना कारखान्यासाठी असतो, हौसेसाठी तो मिळत नाही. ‘शस्त्र’ या शब्दात सुटे भागही येतात, त्यामुळे नुसती नळी कातली तरी तुम्ही अडचणीत याल. कायद्यातल्या २०१९च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बनवण्याला किमान ७ वर्षं ते जन्मठेप अशी शिक्षा आहे. नळी कापून आखूड करण्यालाही तीच.

तुमच्यासाठी सरळ वाट वेगळी आहे. शेतीसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यायची तरतूद कलम १३ मध्ये आहे. वय २१ पूर्ण हवं. जिल्हाधिकारी कार्यालयात (आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्तांकडे) अर्ज करा. ओळख आणि पत्त्याचे पुरावे, वैद्यकीय प्रमाणपत्र, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला आणि सातबारा जोडा. पोलीस चौकशी होते. परवाना हातात आल्यावरच अधिकृत विक्रेत्याकडून बंदूक घ्या आणि तिचा नंबर परवान्यावर चढवून घ्या. ही शेवटची पायरी अनेक जण विसरतात आणि नूतनीकरणाच्या वेळी अडतात. आणि हा परवाना म्हणजे डुक्कर मारायची मुभा नव्हे, त्यासाठी वनखात्याची परवानगी वेगळी घ्यावी लागते.

प्रश्न : वडील वारले. त्यांची दुनळी बारा बोअरची (बोअर म्हणजे नळीचं माप) बंदूक कपाटात आहे. परवान्याची मुदत अजून दोन वर्षं आहे, मग घाई कशाला?

उत्तर : घाई करायलाच हवी. परवाना माणसाच्या नावाचा असतो, बंदुकीचा नसतो. वडिलांबरोबर तो संपला. आज ती बंदूक घरात असणं म्हणजे विनापरवाना बाळगणं, ज्याला २ ते ५ वर्षं कैद आहे. बंदूक आणि काडतुसं जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा. पावतीवर कंपनी, बोअर, नंबर आणि काडतुसांची संख्या लिहून घ्या. ‘एक जुनी बंदूक’ एवढंच लिहिलेली पावती स्वीकारू नका.

मग शस्त्र नियम २०१६च्या नियम २५ खाली वारस म्हणून अर्ज करा. मृत्यूचा दाखला, मूळ परवाना आणि इतर वारसांची संमती जोडा. तुमच्याकडे आधीच दोन शस्त्रं असतील तर तिसरं वारसानंही मिळत नाही. ज्यांचे वडील हयात आहेत त्यांनी लक्षात घ्यावं : परवानाधारक ७० वर्षांचे झाले, किंवा त्यांच्याकडे शस्त्र २५ वर्षं असलं, तर ते स्वतः वारसाचं नाव सुचवू शकतात. हे वेळेत केलं तर पुढची बरीच धावपळ वाचते.

प्रश्न : गंज काढताना बंदुकीवरचा नंबर पुसट झाला. पुन्हा ठोकून घेऊ का?

उत्तर : अजिबात नको. नंबर नसलेली बंदूक जवळ सापडली तर तो तुम्हीच खोडला, असं कलम ८ गृहीत धरतं. उलटं सिद्ध करणं तुमच्यावर येतं. नंबर पुन्हा ठोकलात तर तो संशय आणखी पक्का होईल. आहे त्या अवस्थेत फोटो काढा, परवाना प्राधिकाऱ्याला (जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त) लेखी कळवा, पोच घ्या आणि बंदूक तपासणीसाठी हजर करा. पुढे कधी गंज काढायचा झाला तर तेल आणि मऊ फडकं वापरा; नंबराच्या जागेवर पॉलिश पेपर फिरवू नका.