‘खंडित चल’ : बोंडात काय खंडित झाले?

यवतमाळ जिल्ह्यातील एका शेतकरी वाचकांनी विचारले आहे की, मुलीच्या सांख्यिकीच्या वहीत ‘कपाशीची बोंडे : खंडित चल, झाडाची उंची : अखंडित चल’ असे लिहिलेले आहे, आमच्याकडे खंडित होतो तो वीजपुरवठा, मग बोंडांत खंडित काय झाले? शिवाय दहा झाडांची सरासरी 23.6 बोंडे निघाली, तर ते चल अखंडित समजायचे काय?

‘खंड’ म्हणजे तुकडा. त्यावरून आलेला ‘खंडित’ हा शब्द रोजच्या व्यवहारात ‘चालू असलेले मध्येच थांबलेले’ एवढ्याच अर्थाने उरला आहे. सांख्यिकीत ‘चल’ म्हणजे नोंदीगणिक बदलू शकणारी राशी. तेथे ‘खंडित’ मात्र ‘मध्ये जागा सुटत गेलेली’ या अर्थाने येतो, आणि तो बोंडांना नव्हे, तर त्या चलाला घेता येणाऱ्या किमतींना लागतो. एका झाडावर 22 बोंडे असतील किंवा 23 असतील. या दोहोंच्या मध्ये कोणतीही किंमत नाही. तेच झाड 90 सेंटिमीटरचे 91 होताना मधल्या प्रत्येक उंचीतून जाते, म्हणून उंची अखंडित.

गोंधळात आपल्या ‘मोजणे’ या क्रियापदाचाही वाटा आहे. आपण बोंडेही मोजतो आणि उंचीही मोजतो. ‘गणणे’ आणि ‘मापणे’ हे शब्द आहेत, परंतु पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीच्या शेतात, उभे राहून ‘बोंडे गणली’ असे कोणी म्हणत नाही. बाजाराने मात्र हा भेद नीट सांभाळला आहे. संत्री शेकड्याने दिली की नग पाहिले जातात आणि काट्यावर दिली की वजन. एकाच टोपलीतील त्याच संत्र्यांपासून एक खंडित आणि एक अखंडित अशी दोन चले मिळतात. तेव्हा खंडितपणा संत्र्यात शोधू नये, आपण त्याच्याविषयी काय विचारले त्यात शोधावा.

आता सरासरी. गुलाबी बोंडअळीसाठी लावलेल्या कामगंध सापळ्याची (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणाऱ्या सापळ्याची) पिशवी सकाळी सोडून पतंग मोजताना पंख झडलेला पतंगही एकच धरावा लागतो, अर्धा नाही. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात 8 पतंग ही आर्थिक नुकसानीची पातळी मानतात. पाच सापळ्यांत 7, 9, 8, 6 आणि 7 पतंग सापडले तर सरासरी 7.4 येते, पण 7.4 पतंग कोणत्याही पिशवीत नसतात. सरासरी हा भागाकार आहे, निरीक्षण नव्हे, आणि चलाचा प्रकार निरीक्षणावरून ठरतो.

उलट फसगतही होते. गावाची पैसेवारी, म्हणजे नेहमीच्या उत्पादनाशी तुलना करून काढलेला पिकाचा सरकारी अंदाज, 46 किंवा 47 अशी पूर्णांकात जाहीर होते, म्हणून ती खंडित वाटते. परंतु तिच्यामागचे उत्पादन अखंडित असून पूर्णांक हा केवळ नोंदीचा सोयीस्कर भाग आहे. पाऊस मिलिमीटरमध्ये मोजला तर अखंडित. मात्र ज्या दिवशी 2.5 मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस पडतो तो हवामान खात्याच्या लेखी पावसाचा दिवस, आणि हंगामातील अशा दिवसांची संख्या खंडित. खंडित चल पूर्णांकातच असावे असेही नाही. साडेसात नंबरची चप्पल मिळते, सव्वासातची मागून पाहावी!

‘खंडित’ऐवजी ‘पृथक’ आणि ‘विविक्त’ हे पर्यायही वापरात दिसतात. अर्थाने ‘पृथक’ अधिक नेमका आहे, ‘विविक्त’ला मात्र एकांताचा वास येतो. शालेय पुस्तकांत खंडित-अखंडित ही जोडी रुळलेली असल्याने मी ती बदलणार नाही. वर्गात समजावताना ‘सुटे’ आणि ‘सलग’ म्हणावे. वहीतील ओळ मात्र दुरुस्त करायला हवी, कारण बोंड हे चलच नव्हे. तेथे ‘प्रत्येक झाडावरील बोंडांची संख्या : खंडित चल’ असे लिहावे.