देवमासे पाहायला मोठी क्रूझ घ्यावी की छोटं जहाज?

तुम्ही विचारलंय की खर्च एकदाच करायचाय, तर मोठी क्रूझ बरी की साठ-सत्तर माणसांचं छोटं जहाज, आणि देवमासे खरंच जवळून दिसतात का.

छोटंच घ्या. मी फेब्रुवारीच्या शेवटी मेक्सिकोत, बाहा कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याने आठ दिवस अशा जहाजावर होते. सगळा फरक थांबण्यात आहे. मोठ्या जहाजाला ठरल्या वेळी पुढचं बंदर गाठायचं असतं. आमच्या कप्तानाला लोरेटोजवळ नाश्त्याच्या वेळी लांबवर एक फवारा दिसला, आणि सकाळचा कार्यक्रम तिथेच बाजूला पडला. निळा देवमासा! फवारा दोन मजल्यांहून उंच. सात-आठ श्वास घेऊन त्याने बुडी मारली, तेव्हा पाण्यावर तेल सांडल्यासारखा गुळगुळीत गोल उरला. खाली शेपूट हलली की तो उमटतो. अशा गोलांची रांग बघून आमची गाईड तो कुठे निघालाय ते सांगत होती. मग दहा-बारा मिनिटं नुसती वाट बघायची. डेकवर कुणी आवाज चढवला नाही.

मॅग्डालेना खाडीत मात्र देवमासे स्वतःच आपल्याकडे येतात. करडे देवमासे उत्तरेच्या गारठलेल्या समुद्रातून आठ-दहा हजार किलोमीटर पोहत येतात आणि इथल्या उथळ, उबदार खाड्यांत त्यांची पिल्लं जन्मतात. जहाज नांगरून आम्ही पांगा नावाच्या लहान होड्यांत उतरलो. होडीवाल्याने इंजिन न्यूट्रलला टाकलं. थोड्या वेळाने एक मादी खालून गेली: डोकं एका बाजूला, शेपूट अजून दुसऱ्या बाजूला. तिचं पिल्लू होडीला येऊन टेकलं. मी हात लावला. टायरची ओली ट्यूब लागते ना हाताला, अगदी तशी कातडी. त्याने श्वास सोडला आणि माझा चष्मा खारट तुषारांनी भरून गेला.

याच किनाऱ्यावरच्या खाड्यांत 1850 च्या दशकात शिकारी जहाजं शिरत. पिल्लाला वाचवायला आई होड्या उलटवायची, म्हणून शिकाऱ्यांनी त्यांना 'सैतान मासा' नाव ठेवलं होतं. पुढे 1972 मध्ये सान इग्नासिओच्या खाडीत पाचिको मायोराल या कोळ्याच्या होडीशी एक देवमासा आपणहून आला आणि मायोरालने भीत भीत त्याला हात लावला. हे ठाऊक असताना ते पिल्लू बघून मला रडू आलं.

आता कामाचं. पिल्लांसह करडे देवमासे बघायचे तर फेब्रुवारी-मार्च. दुर्बीण सात किंवा आठ पटीची घ्या, दहाची हलत्या डेकवर फार थरथरते. जाड जॅकेट हवंच, पॅसिफिककडचा वारा बोचतो. ला पास शहराजवळ लोस इस्लोतेस या छोट्या खडकाळ बेटांपाशी समुद्रसिंहांबरोबर पोहायचं असेल तर वेटसूट मिळतो का विचारा, त्या दिवसांत पाणी गारच असतं. आणि बुकिंग करताना एवढं नक्की विचारा: प्राणी दिसला तर वेळापत्रक मोडता का? तो दूर जायला लागला तर पाठलाग करता का? पहिल्याला हो आणि दुसऱ्याला नाही म्हणणारं जहाज निवडा.

रात्री लवकर झोपू नका. आमच्या शेवटच्या रात्री पाणी हललं की त्यातल्या सूक्ष्म जीवांमुळे चमकत होतं, आणि जहाजाच्या पुढच्या टोकाशी पाच डॉल्फिन हिरव्या उजेडाच्या रेघा ओढत पोहत होते. अंग दिसत नव्हतं, नुसता त्यांचा आकार उजळायचा.